सापाचे दुखणे आणि त्याचे कारण

श्रोतेहो, बारामतीहून इंदापूरकडे निघाले म्हणजे भवानीनगरच्या अलीकडे काटेवाडी हे गाव लागते. तुकोबांची पालखी या वाटेने पंढरीस जाते. गावकरी तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. त्यामुळे वारकऱ्यांना हे नाव चांगले परिचयाचे आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यापासून या भागात उसाची शेती वाढली. जेथे ऊस तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे साप, हा क्रम निसर्गाने लावून दिलेला आहे. तेव्हा या मुलखातील माणसाला साप म्हणजे दूरच्या अरण्यातील नवलाई नव्हे. तो शेजारीच होय. या शेजाऱ्याला मारावे कसे, त्याच्यापासून वाचावे कसे, याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. तो आजारी पडला तर त्याचे कारण कसे शोधावे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. आज आपण तोच प्रश्न घेऊ.

प्रारंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये नाग, धामण, मांडूळ, अजगर यांसारखे इथले साप घरी बाळगणे हा गुन्हा आहे. म्हणून साप पाळण्याची हौस कोणाच्या मनात उत्पन्न करावी, असा आमचा हेतू मुळीच नाही. परंतु कायदा असूनही लोक साप कोंडून ठेवतात. गारुड्याच्या टोपलीत नाग असतो, धनाच्या आशेने कोणी मांडूळ दडवून ठेवतो, आणि एखादा उत्साही तरुण पकडलेला साप ‘चार दिवस राहू दे’ म्हणून बरणीत ठेवतो. शिवाय पुण्याजवळ कात्रजला १९८६ पासून सर्पोद्यान आहे, जखमी सापांवर उपचार करणारी केंद्रे आहेत. तेथे साप रीतसर सांभाळावेच लागतात. कोंडलेला साप म्हटला की त्याचे दुखणेही आलेच.

एका मांडुळाची हकीकत

काही वर्षांपूर्वी, पौष महिन्यात, काटेवाडीच्या पंचक्रोशीतून वनखात्याच्या ताब्यात आलेले एक मांडूळ आम्ही पाहिले. ज्या घरी ते होते तेथे ते बरेच महिने ठेवलेले होते. मांडुळाची शेपटी आखूड व बोथट असते, तोंडासारखीच दिसते. म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात, आणि ते सहा महिने एका तोंडाने व सहा महिने दुसऱ्या तोंडाने चालते अशी समजूत आहे. गुप्तधन दाखवणारा, पैशाचा पाऊस पाडणारा साप म्हणून त्याचा चोरटा व्यापार चालतो, आणि वजन जितके अधिक तितकी किंमत अधिक, असे या व्यापारातले लोक मानतात. यास्तव त्या घरच्या मंडळींनी या मांडुळाला भरपूर उंदीर चारले होते. तरी ते सुधारण्याऐवजी खंगत चालले होते. खाल्लेला उंदीर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, जवळजवळ जसाच्या तसा आणि असह्य दुर्गंधीसह बाहेर पडे. पोटाखालच्या खवल्यांवर पाण्याने भरलेले फोड आले होते. हात लावला तरी ते मंदपणे हाले, एवढेच.

कारण काय असावे? घरच्या वृद्ध बाईंचे म्हणणे, त्याला दृष्ट लागली. शेजाऱ्याचे म्हणणे, शेतातल्या उंदरांनी विषारी गोळ्या खाल्लेल्या असणार, ते विष सापाला बाधले. ही शंका अगदीच टाकाऊ नव्हती. आमच्याबरोबर असलेल्या सर्पमित्रांनी व आम्ही मिळून निदान केले, जंत झाले आहेत. ते आम्हांला इतके उघड वाटले की विष्ठा तपासून न घेताच जंतांचे औषध देण्याचा आग्रह आम्ही धरला, आणि ते देवविलेही. पुढच्या आठवड्यात मांडूळ आणखी खालावले.

आमची ही चूक आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण ती सर्वसाधारण आहे. जनावर आजारी दिसले की आपण त्याच्या अंगात शत्रू शोधू लागतो. जंत, जंतू, विष यांपैकी कोणी तरी आत शिरले आहे आणि त्याला औषधाने हाकलले म्हणजे काम झाले, असे आपल्याला वाटते. सापाच्या बाबतीत हा क्रम उलटा लावावा लागतो. प्रथम पेटी तपासावी, मग साप.

सापाची ऊब त्याच्या अंगात नसते

असे का? तर सापाच्या शरीराची घडणच तशी आहे. आपण अन्न जाळून आपली उष्णता आपणच निर्माण करतो. थंडीत व उन्हात आपले शरीर सुमारे ३७ अंशांवर राहते. सापाला ही सोय नाही. त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. सकाळी तो बांधावरच्या उन्हात येतो, दुपारी बिळात जातो, रात्री तापलेल्या दगडाखाली किंवा मातीत खोल राहतो. आपण याला भटकणे म्हणतो. वस्तुतः तो आपले शरीर योग्य उष्णतेवर ठेवीत असतो. जे काम आपल्या शरीरात आपोआप होते, ते साप जागा बदलून करतो.

आता त्याला पेटीत घाला. त्याची जागा निवडण्याची मुभा संपली. पेटी थंड असेल तर साप थंड, पेटी तापली तर साप तापला. आणि उष्णतेवर काय काय अवलंबून असते? एक म्हणजे पचन. अंग थंड पडले की पाचकरस नीट काम करीत नाहीत. गिळलेला उंदीर पचण्याऐवजी पोटातच कुजू लागतो, आणि साप तो ओकून टाकतो. दुसरी गोष्ट म्हणजे रोगप्रतिकार. थंड सापाचे शरीर जंतूंशी झगडण्यास फार मंद असते. जे जंतू निरोगी सापाच्या तोंडात व कातडीवर निरुपद्रवीपणे राहतात, तेच मग त्याच्यावर उलटतात. जंतू सापडला म्हणजे कारण सापडले असे होत नाही. जंतूला वाट कोणी करून दिली हे पाहावे लागते.

त्या मांडुळाची ‘पेटी’ म्हणजे प्लास्टिकचा एक पिंप होता. तो मागल्या पडवीत शहाबादी फरशीवर ठेवलेला होता. तळाशी उसाचे पाचट घातलेले, आणि साप तहानेला राहू नये म्हणून त्यावर रोज पाणी शिंपडलेले. घरच्यांचा हेतू दयेचाच होता. आम्ही तसाच पिंप त्याच जागी ठेवून उष्णतामापक पाचटाच्या तळाशी, म्हणजे जेथे साप पडून राही तेथे ठेवले. पहाटे पारा १४ अंशांवर होता. मांडुळाला अन्न पचवायला एका बाजूस ३० अंशांच्या आसपास ऊब हवी आणि दुसऱ्या बाजूस पाच-सहा अंश कमी. शिवाय हा साप भुसभुशीत कोरड्या मातीत स्वतःला पुरून घेणारा आहे. त्याला ओल्या पाचटावर महिनोन्महिने ठेवले तर पोटाखाली फोड येतात. आरंभी त्यांत नुसते पाणी असते, पुढे त्यांत जंतू शिरतात. उलटी थंडीमुळे होत होती आणि फोड ओलीमुळे आले होते. दोन्ही कारणे त्या पिंपात होती, आणि आम्ही औषध सापाच्या पोटात घालीत होतो. अशक्त व शरीरातील पाणी आटलेल्या सापाला कडक औषध दिले म्हणजे त्याच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो, हेही आम्ही त्या वेळी लक्षात घेतले नाही.

लक्षण एक, कारणे अनेक

सापाचे निदान कठीण होण्याचे दुसरे कारण असे की त्याच्याजवळ लक्षणे थोडी आहेत. कुत्रा विव्हळतो, लंगडतो; गाय रवंथ सोडते. साप फार तर खाणे सोडतो, तोंड उघडतो, पाण्यात जाऊन बसतो. या चार-दोन खुणांतून सर्व रोग ओळखावयाचे असतात. म्हणून एकेका खुणेची सगळी संभाव्य कारणे मांडून एकेक तपासणे, हाच मार्ग उरतो.

साप पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसून आहे असे समजा. त्याची तीन कारणे तरी संभवतात. पेटी फार तापली असेल. ते उष्णतामापक सांगेल. कात टाकण्याची वेळ आली असेल आणि हवा कोरडी असेल. ते डोळे सांगतील, कारण कात टाकण्यापूर्वी सापाचे डोळे दुधाळ होतात व अंगाचा रंग मळकट पडतो. किंवा अंगावर बारीक गोचिडीसारखे किडे झाले असतील आणि त्यांच्या त्रासाने तो पाण्यात शिरत असेल. त्यासाठी सापाच्या अंगावरून ओले पांढरे फडके फिरवावे, त्यावर मोहरीहून बारीक काळे ठिपके हलताना दिसतील. तीन शंका आणि तीन साध्या परीक्षा. यांत पैसा लागत नाही. किडे निघाले तर ते तुच्छ मानू नयेत. ते रक्त पितात आणि एका सापाचा रोग दुसऱ्याकडे नेतात.

साप खात नाही, ही तक्रार तर नित्याची. परंतु न खाणे म्हणजे आजार असे प्रत्येक वेळी नसते. कात टाकण्याच्या सुमारास साप खात नाही, थंडीत खात नाही, विणीच्या काळात नर खात नाही, पोटात पिल्ले वाढत असता मादी पुष्कळदा खात नाही. मोठा साप कित्येक आठवडे उपाशी राहूनही धडधाकट असतो. नव्या जागी लपायला आडोसा नसेल तर भीतीनेच तो खात नाही; अशा वेळी औषधापेक्षा पालथे घातलेले फुटके मडके अधिक उपयोगी पडते. मग उपास केव्हा काळजीचा समजावा? वजन उतरू लागले म्हणजे. सापाला कापडी पिशवीत घालून किराणा दुकानातल्यासारख्या तराजूवर दर आठवड्यास तोलावे आणि आकडा वहीत लिहावा. पाठीचा कणा धारेसारखा वर दिसू लागला, तर उशीर झाला असे समजावे.

काही खुणा मात्र थांबू न देणाऱ्या आहेत. साप मान उंच करून तोंड उघडून श्वास घेतो, श्वासाबरोबर शिटीसारखा आवाज येतो, नाकातोंडात बुडबुडे दिसतात, ही फुप्फुसाच्या विकाराची चिन्हे होत. बहुतेक सापांचे उजवे फुप्फुसच काय ते कामाचे असते. डावे अगदी लहान किंवा नसतेच. शिवाय त्यांना श्वासपटल नसल्यामुळे आपल्यासारखे जोराने खोकून आतला कफ बाहेर टाकता येत नाही. दुसरी खूण तोंडातली. हिरड्यांवर लाल ठिपके, चिकट लाळ, आणि पुढे पनीरासारखा घट्ट पू. पेटीच्या जाळीवर नाक घासून जखम होते, थंडीने प्रतिकार मंदावतो, आणि जंतू हाडापर्यंत जातात. अशा वेळी पेटी सुधारणे हे पहिले काम, परंतु पुरेसे काम नव्हे. तोंडातला स्राव तपासून कोणत्या औषधाला जंतू दाद देतात हे पशुवैद्यानेच ठरवावयाचे असते.

दूध पिणारा नाग

आता आपल्या सर्वांच्या पाहण्यातले एक उदाहरण घेऊ. नागपंचमीला नाग दूध पितो, हे लहानपणी आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तर प्रसिद्धच होती. साप दूध पीत नाही, असे प्राणिशास्त्र सांगते. मग डोळ्यांनी पाहिलेले खोटे का? खोटे नव्हे, पण ते श्रद्धेच्या दृष्टीने न पाहता वैद्याच्या दृष्टीने पाहावे. त्या टोपलीतल्या नागाला सणापूर्वी कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेले असते. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी पुढे येईल तो द्रव पितो. आपण ज्याला नागोबाची कृपा समजत होतो, ते त्याच्या शरीरातील पाणी आटल्याचे लक्षण होते.

पुढची हकीकत अधिक वाईट आहे. दात उपटलेले, विषग्रंथी इजा करून निकामी केलेल्या, कित्येकदा तोंडही शिवलेले. दूध सापाला पचत नाही. त्याची श्वासनलिका तोंडात अगदी पुढे उघडते, म्हणून जबरीने पाजलेले दूध फुप्फुसात जाऊ शकते. हळदीकुंकवाने डोळे चुरचुरतात व सुजतात. असा नाग पंचमीनंतर काही आठवड्यांत मेला की गारुडी म्हणतो, त्याचे आयुष्य संपले. तोंड पाहिले तर कुजलेले, फुप्फुसे पाहिली तर भरलेली, पोट पाहिले तर रिकामे असते. कारणे पाच दिसतात. मूळ मात्र टोपलीत आणि टोपलीवाल्याच्या हातात असते.

याउलट उदाहरणही आपल्या देशातच आहे. तमिळनाडूत इरुळा जमातीच्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ साली निघाली. सर्पदंशावरील औषधाकरिता लागणारे विष ती पुरवते. साप मातीच्या मडक्यांत ठेवतात, तोंडावर कापड बांधतात, ठराविक वेळा विष काढतात, आणि सुमारे तीन-चार आठवड्यांत साप पुन्हा रानात सोडतात. बंदिवास थोडक्या दिवसांचा ठेवणे, हाच तेथे रोगावरचा पहिला उपाय आहे.

पेटी निर्दोष असेल तर?

येथे कोणी म्हणेल, सर्व दोष पेटीचाच असतो काय? नाही. त्याचे एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथे बोआ व अजगर घरोघर पाळतात. १९७० नंतरच्या दशकापासून या सापांत एक घातक रोग दिसू लागला होता. साप अन्न ओके, त्याचा तोल जाई, मान मागे वळवून तो वर पाहत राही. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशींत विचित्र गोळे दिसत. ऊब, पाणी, स्वच्छता सर्व ठीक असूनही साप मरत. पुष्कळ वर्षे कारण सापडेना. शेवटी सान फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील जोसेफ डेरिसी यांच्या गटाने आजारी सापांच्या शरीरातील सर्व आनुवंशिक द्रव्य वाचून काढले, त्यातून सापाचे स्वतःचे तेवढे वजा केले, आणि उरले त्यात पाहिले. तेथे एका अपरिचित जातीचे विषाणू निघाले. हा शोध २०१२ साली प्रसिद्ध झाला. पेशींतील ते गोळे या विषाणूच्याच प्रथिनाचे होते.

पद्धत किती ओळखीची आहे पाहा. जे ठाऊक आहे ते वजा करीत जावे, आणि उरते त्यात कारण शोधावे. प्रयोगशाळेत हे यंत्राने झाले. काटेवाडीच्या पडवीत ते उष्णतामापक, पांढरे फडके आणि तराजू यांनी करावयाचे. प्रथम ऊब, मग ओल व पाणी, मग अन्न, मग आडोसा व त्रास, मग अंगावरचे किडे, मग विष्ठेची तपासणी, आणि या सर्वांतून काही न निघाले तर प्रयोगशाळा. हा क्रम मोडला, तर आमच्यासारखी जंतांच्या औषधाची चूक होते.

या क्रमाला दोन पथ्ये आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ऊब वाढवली, अन्न बदलले, औषधही दिले आणि साप सुधारला, तर कशाने सुधारला ते कळत नाही. पुढच्या सापाच्या वेळी आपण पुन्हा अंधारात. साप प्राणांतिक अवस्थेत असेल तर हे पथ्य बाजूस ठेवावे लागते. तेथे ज्ञानापेक्षा जीव मोठा. दुसरे पथ्य, नवा साप जुन्या सापांत एकदम मिसळू नये. निदान काही आठवडे त्याला वेगळा ठेवावा. उपचार केंद्रात एका सापाबरोबर आलेले किडे महिन्याभरात सर्व पेट्यांत पसरतात.

मांडुळाचे पुढे काय झाले

वनखात्याच्या देखरेखीखाली त्या मांडुळाला कोरडी, चाळलेली माती मिळाली. पेटीच्या एका टोकाखाली मंद ऊब दिली, दुसरे टोक थंड ठेवले. पशुवैद्यांनी फोडांना मलम लावले आणि शरीरातील पाणी भरून काढले. दोन आठवडे अन्न दिले नाही. वारंवार ओकणाऱ्या सापाच्या पोटाला विश्रांती द्यावी लागते. विष्ठेची तपासणी आता कुठे झाली, आणि तीत जंत निघाले नाहीत. नंतर एक लहान उंदीर दिला. तो पचला. त्या दिवशी वहीत ‘पचला’ एवढा एकच शब्द लिहिलेला आहे. पुढे त्याने कात टाकली, पुन्हा एकदा टाकली. प्रत्येक कातेबरोबर फोडांचे व्रण पुसट होत गेले. उन्हाळा लागल्यावर त्याला उसापासून दूर, माळाच्या भुसभुशीत जमिनीत सोडण्यात आले. हातातून सुटताच ते डोके मातीत घालू लागले आणि पाहता पाहता दिसेनासे झाले.

ज्यांच्या घरी ते सापडले, त्यांच्याविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. ती माणसे दुष्ट नव्हती. त्यांनी सापाला खायला घातले होते, त्याच्यावर पाणी शिंपडले होते. स्वतःला थंडी वाजते तशी त्याच्यावर गोणपाटही टाकले होते. गोणपाटाने माणसाला ऊब मिळते, कारण ऊब माणसाच्या अंगात असते आणि गोणपाट ती अडवते. सापाच्या अंगात अडवायला ऊबच नसते. माया होती, ज्ञान नव्हते. आणि आमच्यापाशी थोडे ज्ञान होते, पण घाई होती. सापाच्या दृष्टीने दोहोंचा परिणाम एकच.

म्हणून, श्रोतेहो, उद्या आपल्या शिवारात किंवा बिऱ्हाडात साप निघाला तर त्याला बरणीत घालून ठेवू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा किंवा जाणत्या सर्पमित्रास बोलवा. आणि कोठे कोंडलेला, कण्हूही न शकणारा साप आजारी दिसलाच, तर ‘याला काय झाले?’ असे विचारण्यापूर्वी ‘हा कोठे ठेवला आहे?’ असे विचारा. बहुधा उत्तर तेथेच मिळेल.